खेळाडूंच्या जांघेचं जुनाट दुखणं: कोणता स्कॅन, कधी आणि कशासाठी

जांघेत दुखायला लागून दोन-तीन महिने झालेले असतात. आठवडाभर विश्रांती घेतली की बरं वाटतं. मैदानावर परत उतरून चार-दोन जोरदार वळणं घेतली किंवा चेंडूला लांब किक मारली की पुन्हा तीच कळ. फुटबॉल, हॉकी, लांब पल्ल्याची धाव, जिथे झटकन दिशा बदलावी लागते किंवा पाय सतत आपटत राहतो अशा खेळांत हे दुखणं फार दिसतं. मग कुणीतरी सुचवतं, "एकदाचा एमआरआय काढून टाक, काय ते कळेल तरी."

मी रेडिओलॉजीत काम करते. स्कॅनचं मोल मला रोज दिसतं, आणि म्हणूनच हे सुरुवातीला सांगायचं आहे: जांघेच्या दुखण्यात स्कॅन एकटा निदान करत नाही. तपासणीतून निघालेल्या प्रश्नाचं तो उत्तर देतो. प्रश्न न विचारता मशीनमध्ये गेलात तर तो दहा गोष्टी दाखवेल, पण त्यातली नेमकी कोणती दुखते आहे हे सांगणार नाही. हे सगळं पहिल्यांदाच समोर आलेल्या खेळाडूंसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी हा लेख, ज्या क्रमाने गोष्टी व्हायला हव्यात त्या क्रमाने.

पायरी 1: दुखरी जागा बोटाने दाखवा

जांघ म्हणजे कुठलाही एक अवयव नाही. ओटीपोटाच्या तळाशी डाव्या-उजव्या जघनास्थी मध्यभागी एकमेकींना जुळतात, त्या सांध्याला सिम्फिसिस म्हणतात. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची चकती असते. वरून पोटाचा सरळ स्नायू या हाडावर येतो, खालून मांडी आत ओढणारा अॅडक्टर लाँगस येतो, आणि दोघांचे तंतू हाडाच्या पुढच्या बाजूला एकाच जाड पापुद्र्यात मिसळतात. प्रत्येक किकमध्ये आणि प्रत्येक वळणात या पापुद्र्यावर रस्सीखेच चालू असते. त्याच्या अगदी शेजारी इंग्वायनल कॅनॉल, म्हणजे हर्निया होतो ती वाट. जरा बाहेरच्या बाजूला खुब्याचा सांधा, आणि त्याच्यासमोरून जाणारा इलिओसोआस स्नायू. हे सगळं तळहाताएवढ्या जागेत. कुठलंही दुखलं तरी माणूस म्हणतो, "जांघ दुखते."

या गर्दीमुळे नावांचाही बराच गोंधळ होता. एका प्रश्नावलीत तज्ज्ञांना दोन खेळाडूंची माहिती देऊन निदान विचारलं, तेव्हा पहिल्या खेळाडूच्या दुखण्याला 9 आणि दुसऱ्याच्या दुखण्याला 11 वेगवेगळी नावं मिळाली. नोव्हेंबर 2014 मध्ये दोहा इथे 14 देशांतले 24 तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी हे दुखणं चार मुख्य गटांत मांडलं: अॅडक्टरशी संबंधित, इलिओसोआसशी संबंधित, इंग्वायनल भागाशी संबंधित आणि जघनास्थीशी संबंधित. याशिवाय खुब्याच्या सांध्यातून येणारं दुखणं, आणि इतर कारणं. लक्षात घ्या, हे चारही गट हाताने केलेल्या तपासणीवर ठरतात, स्कॅनवर नाही.

तपासणी साधारण अशी असते. डॉक्टर किंवा फिजिओ आतल्या मांडीच्या स्नायूचा उगम दाबून बघतात आणि तुम्हाला दोन्ही गुडघे एकमेकांवर जोरात दाबायला सांगतात. दाबल्यावर आणि जोर लावल्यावर, दोन्ही वेळी तुमचं नेहमीचं दुखणं तिथेच जागं झालं तर अॅडक्टर. मांडी पोटाकडे उचलताना विरोध केल्यावर दुखलं आणि स्नायूही दाबायला दुखरा असला तर इलिओसोआस. खोकताना, शिंकताना किंवा पोटाला ताण देताना इंग्वायनल भागात दुखलं, कॅनॉल दाबायला दुखरा असला आणि हर्निया हाताला लागत नसला तर तिसरा गट. नुसतं मधलं हाड दाबून दुखत असेल तर चौथा. गुडघा छातीकडे आणून पाय आत वळवल्यावर खोलवर कळ येत असेल तर खुब्याकडे लक्ष जातं. एकाच खेळाडूत दोन गट सापडणंही नेहमीचंच.

जाण्याआधी एका कागदावर लिहून न्या: एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, कोणत्या हालचालीने दुखतं, खोकल्याने दुखतं का, रात्री झोपेतून जाग येते का, आणि दुखणं सुरू होण्याआधीच्या महिन्यात सराव किती वाढला होता. या शेवटच्या ओळीचा उपयोग अनेकदा सगळ्यात जास्त होतो.

पायरी 2: ज्यांनी थांबायचं नाही ते

बहुतेकांना स्कॅनची घाई नसते. काहींना मात्र असते, आणि ते कोण हे प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ असायला हवं.

पहिले, लांब पल्ल्याचे धावपटू. अंतर झपाट्याने वाढवलं, जांघेत खोल, बोटाने नेमकं न दाखवता येणारं दुखणं सुरू झालं, धावताना ते वाढत जातं आणि आता नुसतं चालतानाही जाणवतं: ही मांडीच्या हाडाच्या मानेतली (खुब्याच्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागातली) स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने पडलेली बारीक भेग, असू शकते. पाळी अनियमित झालेल्या किंवा खाणं सरावाला पुरत नसलेल्या मुलींमध्ये ही शंका आणखी वर ठेवायची, आणि कमी खाणाऱ्या मुलांनाही यातून वगळायचं नाही. सुरुवातीचा एक्स-रे बऱ्याचदा अगदी स्वच्छ असतो. त्या स्वच्छ एक्स-रेवर विसंबून धावत राहिलं आणि भेग मानेच्या वरच्या, ताण पडणाऱ्या बाजूला असली, तर हाड पूर्ण तुटून सरकू शकतं आणि खुब्याचं कायमचं नुकसान होतं. इथे धावणं त्याच दिवशी बंद, आणि एमआरआय लगेच. याबाबतीत मी कुणाशीच तडजोड करत नाही.

दुसरी, साधारण 10 ते 16 वयाची मुलं. या वयात खुब्याच्या गोळ्याजवळची वाढीची चकती सरकू शकते. मूल लंगडतं, पाऊल बाहेर वळवून चालतं, आणि कित्येकदा तक्रार फक्त गुडघ्याची किंवा मांडीची असते. दोन्ही खुब्यांचा समोरून आणि बाजूने एक्स-रे हवा, आणि तो होईपर्यंत मुलाने त्या पायावर भार देऊ नये.

याशिवाय ताप, विनाकारण घटलेलं वजन, रात्री झोप मोडणारं दुखणं, वृषणात गाठ किंवा सूज. वृषणात अचानक तीव्र वेदना उठली तर स्कॅनची वेळ घेत बसू नका, सरळ तातडीच्या विभागात जा. तिथे तास मोजून काम करावं लागतं.

पायरी 3: आत्ताच हवा का, हे ठरवा

वरच्या यादीत तुम्ही बसत नसाल आणि तपासणीत दुखणं स्पष्टपणे अॅडक्टरचं निघालं, तर माझं मत असं की आधी नीट व्यायाम सुरू करावा. 1999 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात डेन्मार्कमधला एक अभ्यास छापून आला. अॅडक्टरचं जुनं दुखणं असलेल्या 68 खेळाडूंना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला 8 ते 12 आठवडे स्नायूंची ताकद आणि समन्वय वाढवणारा सक्रिय व्यायाम दिला, दुसऱ्याला मसाज, लेसर, स्ट्रेचिंग असे उपचार. अभ्यास पूर्ण केलेल्यांपैकी व्यायाम गटातले 23 खेळाडू वेदनेशिवाय पूर्वीच्या पातळीवर खेळायला लागले, दुसऱ्या गटातले फक्त 4. स्कॅनमध्ये थोडी सूज दिसली काय किंवा नाही काय, हा व्यायाम बहुतेक वेळा तोच राहतो.

स्कॅन मागायची वेळ कोणती? निदानाबद्दल शंका असेल, खुब्याच्या सांध्याचा संशय असेल, मन लावून केलेल्या व्यायामाला तीन महिन्यांत उतार नसेल, किंवा शस्त्रक्रियेचा विषय निघाला असेल तेव्हा.

पायरी 4: साधा एक्स-रे

जुनाट दुखण्यात सुरुवात इथून करावी. एमआरआयच्या जमान्यात लोक ही पायरी ओलांडतात, आणि नंतर तिच्याकडेच परत यावं लागतं. संपूर्ण ओटीपोटाचा समोरून एक्स-रे आणि खुब्याचा बाजूने एक. यासाठी 45 अंशांचा डन व्ह्यू (खुबा 45 अंश वाकवून काढलेली फिल्म) चांगला. समोरच्या फिल्ममध्ये शेपटीच्या हाडाचं टोक सिम्फिसिसच्या सरळ रेषेत, त्याच्या किंचित वर दिसायला हवं. ते एका बाजूला गेलं असेल तर ओटीपोट फिरलेलं आहे, आणि मग खुब्याच्या वाटीची मोजमापं भरवशाची राहत नाहीत.

एक्स-रेत दिसतं ते असं: खुब्याच्या गोळ्याची मान जिथे सुरू होते तिथला जादा उंचवटा, ज्याला कॅम म्हणतात (तो मोजणारा अल्फा कोन साधारण 60 अंश किंवा जास्त), वाटी उथळ आहे का (वाटी गोळ्याला किती झाकते ते सांगणारा सेंटर-एज कोन 20 अंशांहून कमी), सांध्यातली जागा, सिम्फिसिसच्या कडांची झीज, जुने तुटलेले हाडाचे तुकडे. एका पायावर उभं करून सिम्फिसिसचे एक्स-रे काढायची जुनी पद्धत आता क्वचितच लागते.

मूल होण्याची शक्यता असलेल्या खेळाडूंनी गरोदरपणाची शक्यता असल्यास एक्स-रे किंवा सीटीआधीच सांगावं.

पायरी 5: सोनोग्राफी

सोनोग्राफीची खरी ताकद ही की ती हालचाल दाखवते. तुम्ही झोपलेले असता, प्रोब इंग्वायनल कॅनॉलवर ठेवलेला असतो आणि सांगितलं जातं, "खोका… आता श्वास रोखून जोर लावा." पडद्यावर त्या क्षणी आतडं किंवा चरबी वाटेतून पुढे सरकली तर हर्निया. मग उभं राहून पुन्हा तेच, कारण काही हर्निया उभं राहिल्याशिवाय दिसत नाहीत. नुसता मागच्या भिंतीचा फुगवटा मात्र काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंमध्येही दिसतो, म्हणून एवढ्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

खुब्यातून "टक" असा आवाज येत असेल तर ती हालचाल प्रोबखाली करून दाखवा. इलिओसोआसचं टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) उडी मारून जागेवर येताना डोळ्यांनी दिसतं, आणि ते एमआरआयच्या स्थिर चित्रात मिळणार नाही. अॅडक्टरच्या टेंडनची जाडी, फाटणं, वृषणाची तपासणी हेही त्याच बैठकीत होतं. पण हाडाच्या आत सोनोग्राफी पोहोचत नाही, आणि करणाऱ्याचा हात इथे फार महत्त्वाचा. स्नायू-सांध्यांची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्याकडे जा.

पायरी 6: एमआरआय, पण योग्य तो

इथे सर्वांत जास्त वेळ आणि पैसा वाया जातो. चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय पेल्विस" लिहिलं तर केंद्रावर पोटातल्या अवयवांसाठीचा नेहमीचा स्कॅन होऊ शकतो. त्यात काप (शरीराच्या एकेका थराची चित्रं) जाड असतात आणि सिम्फिसिस मोठ्या चित्रात एका कोपऱ्यात बारीक दिसतो. चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यात: खेळाडू आहे, नेमकं कुठे आणि कोणत्या बाजूला दुखतं, आणि डॉक्टरांना शंका कशाची आहे. "सिम्फिसिससाठीचा प्रोटोकॉल" हे शब्दही लिहून घ्या.

चांगल्या स्कॅनमध्ये आधी पूर्ण ओटीपोटाचे मोठे काप घेतले जातात, ज्यात दोन्ही खुबे, माकडहाडाच्या वरचा त्रिकास्थीचा भाग आणि मांडीच्या हाडांच्या माना येतात. स्ट्रेस फ्रॅक्चर आणि अनपेक्षित गाठी इथे सापडतात. त्यानंतर सिम्फिसिसवर लहान क्षेत्राचे, 3-4 मिलिमीटर जाडीचे काप, आणि त्यातला एक संच जघनास्थीच्या वरच्या कडेला समांतर असा तिरका. या तिरक्या कापात पोटाचा स्नायू आणि अॅडक्टर ज्या पापुद्र्यात मिसळतात तो दोन्ही बाजूंना शेजारी शेजारी दिसतो, आणि दुखऱ्या बाजूची तुलना न दुखणाऱ्या बाजूशी करता येते. मशीन 1.5 टेस्लाचं असो वा 3 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), हे काप घेतले आहेत की नाही यावर जास्त अवलंबून असतं.

शंका खुब्याच्या आतल्या लेब्रमची, म्हणजे वाटीच्या कडेच्या कूर्चेच्या कड्याची, असेल तर त्या एका खुब्याचा वेगळा, बारीक स्कॅन लागतो. पूर्ण ओटीपोटाच्या चित्रावर लेब्रमचा निकाल लावू नये. सांध्यात औषध टोचून केला जाणारा एमआर आर्थ्रोग्राम काही वेळा लागतो, पण 3 टेस्लाच्या मशीनमुळे त्याची गरज कमी झाली आहे. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं औषध) मात्र या दुखण्यात सहसा लागत नाही. जंतुसंसर्ग किंवा गाठीची शंका असेल तर गोष्ट वेगळी.

स्कॅनच्या दिवशी साधारण अर्धा ते पाऊण तास निश्चल पडावं लागतं. आधी लघवीला जाऊन या. पेसमेकर, शरीरात बसवलेला धातू, डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण, हे सगळं आधी सांगा. आणि खेळाडूंसाठी खास: काही स्पोर्ट्स कपड्यांत चांदीचे किंवा इतर धातूचे बारीक धागे विणलेले असतात, त्यांनी मशीनमध्ये कातडी भाजू शकते. कपडे केंद्राचेच घाला. टेक्निशियनला दुखरी जागा दाखवा आणि तिथे खूण लावायला सांगा. बऱ्याच ठिकाणी ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवतात; ती चित्रात पांढरी उठून दिसते आणि वाचणाऱ्याची नजर बरोबर त्या जागी जाते. एवढीशी कॅप्सूल, पण रिपोर्ट किती नेमका होतो हे मी पाहत आले आहे.

सीटीचं काम इथे मोजकं आहे. रात्री दुखणारं आणि वेदनाशामक गोळीने छान थांबणारं दुखणं असेल तर ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची हाडातली छोटी गाठ असू शकते, आणि तिचा केंद्रबिंदू सीटीत चांगला दिसतो. बाकी, तरुण वयात ओटीपोटाला किरणोत्सर्ग उगाच देऊ नये.

पायरी 7: रिपोर्टमधले शब्द

"बोन मॅरो इडिमा." जघनास्थीच्या आत पाणी साचल्यासारखी सूज, ठरावीक चित्रांत हाड पांढरं दिसतं. अर्थ एवढाच की हाडावर भार पडतो आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुटबॉलपटूंची तुलना केली तेव्हा जास्त तीव्रतेची सूज आणि चकतीचा मधोमध फुगवटा यांचा दुखण्याशी संबंध दिसला. पण काहीच न दुखणाऱ्या फुटबॉलपटूंमध्येही असे बदल, फुटबॉल न खेळणाऱ्यांपेक्षा, कितीतरी जास्त होते. म्हणजे सौम्य सूज ही कित्येकदा खेळाची खूण असते, आजाराची नाही.

"सेकंडरी क्लेफ्ट." याकडे मी लक्ष देऊन बघते. सिम्फिसिसच्या चकतीत वर-मागच्या बाजूला एक बारीक फट नैसर्गिकच असते आणि ती मध्यरेषेतच राहते. पण चकतीच्या खालच्या टोकापासून एक पांढरी रेघ निघून एका बाजूला वळली, हाडाच्या खालच्या कडेने अॅडक्टरच्या उगमापर्यंत गेली, तर तिथलं जोडलेलं काहीतरी सुटलं आहे. ही रेघ दुखऱ्या बाजूलाच असेल आणि बोटाने दाखवलेल्या जागेशी जुळत असेल तर त्या रिपोर्टला वजन येतं.

"लेब्रल टेअर." हा शब्द वाचून खेळाडू फार घाबरतात. 2012 च्या एका अभ्यासात खुब्याचं कसलंही दुखणं नसलेल्या 45 स्वयंसेवकांचा एमआरआय केला. 69 टक्क्यांमध्ये लेब्रम फाटलेला दिसला. म्हणून तपासणीत खुबा दुखत नसेल तर या ओळीवरून ऑपरेशन थिएटरकडे जाऊ नका. कॅमचंही तेच. लहानपणापासून जोरात खेळणाऱ्यांमध्ये हा उंचवटा वाढीच्या वयात तयार होतो आणि कित्येकांना आयुष्यभर त्रास देत नाही. 2016 च्या वॉरविक सहमतीने (तज्ज्ञांच्या एकमताच्या निवेदनाने) हे स्पष्ट लिहिलं आहे: लक्षणं, तपासणीतल्या खुणा आणि स्कॅन, तिन्ही असतील तरच खुब्याच्या इंपिंजमेंटचं, म्हणजे गोळा आणि वाटी एकमेकांना घासण्याचं, निदान करायचं.

"ऑस्टिटिस प्यूबिस", "स्पोर्ट्स हर्निया" ही नावं दिसली तर डॉक्टरांना विचारा, यातून नेमकी कोणती रचना म्हणायची आहे. दोन्ही शब्द वेगवेगळे लोक वेगवेगळ्या अर्थाने वापरतात.

वय कमी असेल तर रिपोर्ट वाचताना आणखी एक सांभाळावं लागतं. सिम्फिसिसजवळचं वाढीचं हाड पूर्ण जुळायला विशीची सुरुवात उजाडते. तोपर्यंत त्याच्या कडा खडबडीत दिसणं नैसर्गिक आहे, आणि तिथे सूज असेल तर ते वाढीच्या हाडावरच्या ताणाचं दुखणं असू शकतं. सतरा वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टवर "झीज" लिहिलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं. वय चिठ्ठीवर ठळक लिहा.

आणि रिपोर्ट "नॉर्मल" आला तर? दुखणं खोटं ठरत नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर, गाठ, मोठी फाट नाही, हे कळलं. आता निर्धास्तपणे व्यायामाचा भार वाढवता येतो. कमरेच्या मणक्यातून किंवा एखाद्या नसेतून येणारं दुखणं उरतं का, हे डॉक्टर पुन्हा तपासतील.

पायरी 8: सुई, जेव्हा उत्तर अडतं

खुबा की अॅडक्टर, हे तपासणी आणि स्कॅन दोन्हीतून सुटत नसेल तर सोनोग्राफीच्या किंवा एक्स-रेच्या मदतीने खुब्याच्या सांध्यात भूल देणारं औषध टोचतात. पुढच्या काही तासांत, ज्या हालचालीने दुखतं नेमकी तीच करून बघायची आणि दुखणं दहापैकी किती उरलं ते लिहायचं. सांधा बधिर असताना दुखणं बरंच उतरलं तर उगम सांध्यातच असण्याची शक्यता वाढते. घरी जाऊन झोपून राहिलात तर चाचणी फुकट गेली.

पायरी 9: पुन्हा स्कॅन कधी

दुखणं कमी होत असेल तर पुन्हा एमआरआय काढू नका. हाडातली सूज खेळाडू बरा झाल्यावरही महिनोन्महिने दिसत राहू शकते, आणि "अजून सूज आहे" म्हणून बऱ्या झालेल्या खेळाडूला बाहेर बसवलेलं मी पाहिलं आहे. मैदानावर परतायचा निर्णय गुडघे दाबताना मिळणारी ताकद, वेगाने धावताना आणि दिशा बदलताना दुखणं आहे की नाही, यावर घ्यायचा. स्ट्रेस फ्रॅक्चर याला अपवाद. तिथे भार कधी वाढवायचा हे ठरवताना डॉक्टर पुन्हा स्कॅन मागू शकतात.

छापील रिपोर्टपेक्षा मूळ चित्रांची सीडी किंवा डिजिटल फाइल जास्त कामाची. ती जपून ठेवा आणि नव्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. वर्षभराने दुखणं परत आलं तर नव्या चित्राशेजारी जुनं चित्र ठेवूनच सांगता येतं की हा बदल आत्ताचा आहे, की तेव्हापासूनच होता.